गोठ्यापुरती भाषा

कुवेतमधल्या मंगफला आमच्या इमारतीत राहणाऱ्या म्युझिकच्या मिसना आपल्या पूर्वजांच्या वेल्श भाषेतले मोजून तीन शब्द येत. ये, उभी राहा, पाय सरकव. तिन्ही शब्द गाईंशी बोलायचे. माझ्या लेकीची पियानोची शिकवणी संपली की चहा घेताना त्या ते म्हणून दाखवत आणि लाजत.

मिस अमेरिकन. त्यांची पणजी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, नवी नवरी म्हणून वेल्सच्या डोंगरातून विस्कॉन्सिनच्या रानात आली. ओंडक्यांचं घर, बर्फात बुडालेला गोठा, रविवारी वेल्शमधली प्रार्थना. मुलं शाळेत जाऊ लागली आणि घरी इंग्रजीत उत्तरं द्यायला लागली. पणजी म्हणे, "गाईंना इंग्रजी कळत नाही. गोठ्यात तरी आपलं बोला." तेवढंच उरलं.

"माझी आजी दुकानात आईपासून लांब उभी राहायची," मिस सांगत. "आईचं बोलणं ऐकून लोक हसतील म्हणून. मरेपर्यंत तिला ते टोचत होतं."

एकदा जवळच्याच फहाहीलला एका वेल्श नर्सकडे आम्ही जेवायला गेलो. मिसनी हौसेनं आपले शब्द म्हटले. नर्सला हसू आवरेना. "अहो, तुम्ही मला पाय सरकवायला सांगताय!" सगळे हसले. मीही. मिसचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला. परतताना गाडीत म्हणाल्या, "आम्ही दोघी एकाच डोंगरातल्या. आणि तिच्याशी बोलायला माझ्याकडे एवढंच!"

पुढे माझी आई चिपळूणहून आली. बाजारात रत्नागिरीचा एक दुकानदार भेटला, तशी तिची कळी खुलली. मोठ्यानं गप्पा सुरू झाल्या.

"आजी, प्लीज, हळू बोल ना!" म्हणत लेक लांब जाऊन उभी राहिली.

मिस आमच्यासोबत होत्या. आईच्या दंडात हात घालून, एक अक्षर कळत नसताना, शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. लेकीनं मान खाली घातली.

जूनमध्ये मिस कायमच्या परत निघाल्या. टॅक्सीपाशी आईनं त्यांचे दोन्ही हात धरले. "सांग गो त्यांना, माझी माया जडली त्यांच्यावर."

लेक आपणहून पुढे झाली. "मिस, माय ग्रँडमदर सेज..." ती अडली, माझ्याकडे वळली. "आई, माया म्हणजे काय?"

बारा वर्षांची माझी मुलगी. आई माझ्याकडे बघत राहिली. मिसही उत्तराची वाट बघत होत्या. मला मान वर करवेना.