अर्धी बादली

माझी मोठी बहीण पडदे शिवते आणि समुद्राच्या तळाचे मासे पकडते. पहिल्या कामात मिळवते आणि दुसऱ्यात उडवते. गल्लीत तिला सगळे पडदेबाई म्हणतात. मी ताई म्हणते, आणि रागात असले की आणखी बरंच काही म्हणते.

तळाच्या मासेमारीत बघण्यासारखं काही नसतं. दोरीच्या टोकाला शिशाचा गोळा, त्याच्या वर दोन गळ. गोळा सोडायचा, तो तळाला टेकला की हाताला कळतं, मग वाट बघत बसायचं. मासा लागला की काठीवर बसवलेल्या, दोरी गुंडाळणाऱ्या रिळाचा दांडा फिरवत त्याला तेवढ्या खोल पाण्यातून वर आणायचं. यात मजा कसली, ते मला आजवर समजलेलं नाही. पण ताई वर्षानुवर्षं दर रविवारी एका जुन्या बोटीतून जात आली आहे. बोटवाले आठवडाभर टॅक्सी चालवतात, रविवारी मात्र सगळे त्यांना कप्तान म्हणतात. त्यांचा बोटीवर एकच कायदा आहे: आपला मासा आपणच वर आणायचा. पाण्याबाहेर दिसला की जाळीत घ्यायला कोणीही यावं, पण त्याआधी दुसऱ्याचा हात लागला तर ज्याचा मासा त्याने पुढच्या रविवारपासून जागा सोडायची. बोट चिमुकली आहे. एकाच्या मदतीला दुसरा धावला की ती कलते आणि सगळ्यांच्या दोऱ्यांचा गुंता होतो.

एका हॉटेलात पडद्याची दांडी बसवताना ताई शिडीवरून पडली. उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, हात अंगालगत ठेवून काही धरता येईल, पण तो गोल फिरवणं आता विसरा. ताईने पहिलं अर्धं वाक्य तेवढं ऐकलं. जरा बरं वाटताच ती बोटीवर गेली. मासा लागला, दांडा जेमतेम फिरला आणि खांदा अडकला. कप्तानांनी तिच्या हातातली काठी घेऊन मासा वर काढला.

धक्क्यावर उतरताना ते तिच्याकडे न बघता म्हणाले, "बाई, आता आराम करा."

तिच्या जागेवर एक दातांचे डॉक्टर केव्हापासून डोळा ठेवून होते.

"एक रविवार द्या," ताई म्हणाली. "नाही जमलं तर मीच उतरेन."

कप्तानांनी मान डोलावली. ऑपरेशनच्या वेळी डोळ्यांतून टिपूस न काढलेली माझी बहीण त्या संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात ओक्साबोक्शी रडली. मग तोंड धुतलं आणि म्हणाली, "डाव्या हाताने फिरवायचं रीळ बघायला हवं."

ती एकदा हट्टाला पेटली की देवसुद्धा रस्ता बदलतो. त्या दिवसापासून ती सगळं डाव्या हाताने करू लागली. कुलूप डाव्या हाताने, चमचा डाव्या हाताने, बाटलीचं झाकण डाव्या हाताने. माझ्या घरातली निम्मी साखर त्या काळात फरशीवर गेली.

मासेमारीच्या सामानाच्या दुकानदाराला तिने पडदे शिवून दिले होते. त्या ओळखीवर त्याने डाव्या हाताला चालतील अशी तीन रिळं आणि एक आखूड, जाड काठी घरी न्यायला दिली. एक रीळ सोनेरी, नवरीसारखं नटलेलं आणि भलतंच वेगवान. दुसरं बटणावर चालणारं. तिसरं काळपट, ओबडधोबड. त्याचा दांडा कितीही फिरवला तरी दोरी थोडीच गुंडाळली जायची.

"हे असलं गोगलगायीचं कशाला आणलंस?" मी विचारलं.

"दोरी हळू येते, पण ओझं हलकं लागतं. तू फक्त बादली भर."

ताई चौथ्या मजल्यावर राहते, मी तळमजल्यावर. आमच्या इमारतीत लिफ्ट नाही. जिन्याच्या मधोमध वरपासून खालपर्यंत मोकळी जागा आहे. दुपारी जिना सामसूम झाला की ताई वर कठड्याशी उभी राहायची. काठीचं बूड कमरेच्या पट्ट्यात, उजवा हात बरगड्यांशी घट्ट, डावा हात रिळावर. दोरी खाली माझ्या दारात यायची. मी तिला पाण्याने भरलेली बादली अडकवायची आणि बाजूला पळायचं.

पहिली पाळी सोनेरी रिळाची. बादली ऐटीत निघाली आणि तिसऱ्या मजल्यापाशी थांबली. वरून ताईचा धापा टाकल्याचा आवाज ऐकू येत होता. दांडा काही हलेना. शेवटी बादली हळूहळू परत खाली आली, निम्मं पाणी माझ्या पायपुसण्यावर.

मला ते बघवेना. ती हरणार आणि पुन्हा माझ्या स्वयंपाकघरात येऊन रडणार, अशी मला भीती वाटली. म्हणून पुढच्या वेळी मी बादली अर्धीच भरली. चौथ्या मजल्यावरून कोणाला काय दिसतंय!

बटणाचं रीळ गुरगुरलं आणि बादली सरसर वर गेली. ताईने हात लांबवून ती कठड्याआड घेतली. पाण्याकडे तिचं लक्षसुद्धा गेलं नाही.

"झालं की! हेच घे," मी खालून ओरडले.

"मग रविवारी मला घरी ठेव आणि यालाच पाठव," ती म्हणाली. "हे धरून माझा हात बधिर झाला. खाली काय लटकलंय, काही कळलं नाही."

मी तिसऱ्या रिळालाही अर्धीच बादली अडकवली. दांडा फिरला. बादली जमिनीवरून वीतभर उचलली गेली असेल नसेल, तोच थांबली.

"अर्धी का भरलीस?" वरून आवाज आला.

"कोण म्हणतं अर्धी?"

"हात म्हणतो. नीट भर."

चोरी पकडली गेली. मी बादली काठोकाठ भरली. ती वर गेली, पण किती सावकाश! प्रत्येक मजल्यावर ताई थांबली, श्वास घेतला आणि पुन्हा दांडा धरला. अखेर कठड्यावरून तिचा घामेजलेला चेहरा डोकावला.

"हेच," ती म्हणाली. "हे खोटं बोलत नाही. तुझ्यासारखं नाही."

तिने ते लाडकं रीळ उशाशी घेऊन झोपायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

त्या रविवारी मीही बोटीवर गेले. तिचा खांदा निखळला तर घरी आणायला कोणीतरी हवं, असं मी कप्तानांना सांगितलं. बंदर दिसेनासं व्हायच्या आत माझ्या पोटातलं सगळं समुद्रात गेलं होतं. बाकीचे हसत होते. ताई मात्र डोळे मिटून, दोरीवर बोट ठेवून बसली होती.

काठी वाकली तसं सगळ्यांचं हसणं थांबलं. बाकीच्यांनी आपापल्या दोऱ्या वर घेतल्या. ताई फिरवू लागली. डावा हात, सावकाश, एका लयीत. तिच्या मानेची शीर ताठ झाली. बराच वेळ गेला आणि एकाएकी तिचा हात थांबला.

काठी धरायला मी अर्धवट उठलेच होते. कप्तान तर पुढे आले आणि त्यांनी काठीकडे हातही नेला.

"बाई, पुरे. द्या इकडे."

"कप्तान, हात लावू नका." तिने डोळे उघडले नाहीत. "दोन आहेत. दुसरा आत्ता लागला."

कप्तानांनी माझ्याकडे पाहिलं. वेदनेने हिच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं. मी म्हटलं, "ती म्हणते तर दोनच असतील." आणि खाली बसले. बसणं इतकं अवघड असतं हे मला ठाऊक नव्हतं.

दांडा पुन्हा फिरला. थांबली, फिरवला, थांबली, फिरवला. मग हिरव्या पाण्यात एक तांबूस पाठ चमकली. ताटाएवढा मासा होता. आणि त्याच्या खाली, दुसऱ्या गळाला, माझ्या चपलेएवढा आणखी एक.

कप्तानांनी जाळी घातली. मासे पेटीत गेले. ताईने रीळ ओढणीने पुसलं.

धक्क्यावर उतरताना कप्तानांनी तिला हाक मारली. मीही तिच्यामागे थांबले.

"बाई, पुढच्या रविवारी," ते माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले, "हिला आणू नका. फार ओकते."

इतक्या आनंदाने मी आजवर कुठूनही हाकलली गेले नव्हते.