विमलकाकीने न उघडलेला डबा

आमच्या विमलकाकीचा कुणावर विश्वास नाही. पळसदरीला धरणाच्या अंगाला तिने दोन खोल्या बांधून पाहुण्यांसाठी अ‍ॅपवर लावल्या, तेव्हा मी, शेजारचा पुतण्या, स्पष्ट म्हणालो होतो, "काकी, ह्यो धंदा तुझा नाय." पाहुण्याची बॅग येताना किती जड होती आणि जाताना किती, हे ती ओट्यावर बसून डोळ्यांनी तोलते.

तरी खोल्या चालल्या. पाचपैकी चार पूर्णांक सात स्टार होते. एक वाईट शेरा पडला की यादीत खाली, मग शनिवार-रविवार कोण येतंय? हा घोर काकीला कायमचा. फोनचं सगळं तिची सून सुरभी बघते.

मागच्या महिन्यात देवेश नावाचा एकटा पाहुणा आला. एकटा, यावरच काकीचं डोकं फिरलं. त्यात तो नळाचा फोटो काढी, कडीचा काढी, बाथरूममध्ये गिझरच्या वायरचाही काढला.

"पुरावं गोळा करतोय," काकी म्हणाली. "खराब लिवणार आनि पैसं परत मागनार."

मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू?

आल्या दिवशी काकीने त्याला डबाभर तांदळाच्या पापड्या दिल्या होत्या. आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. देवेशने जाताना डबा घासूनपुसून ओट्यावर ठेवला. काकीने उचलला, हलवला. आवाज नाही. तसाच फळीवर टाकला.

"बघितलंस? मनात काळं हाय त्याच्या."

आता शेऱ्यांची रीत अशी, की पाहुणा घराबद्दल लिहितो, घरवाले पाहुण्याबद्दल, आणि दोघांचं लिहून होईपर्यंत किंवा चौदा दिवस उलटेपर्यंत कुणालाच काही दिसत नाही. काकीला ती बंद पेटी सहन होईना. तिसऱ्या दिवशी तिने सुरभीकडून लिहून घेतलं: 'माणूस संशयास्पद. खोली देताना विचार करा.'

पाठवल्याबरोबर दोन्ही शेरे उघडले. त्याने आधीच लिहून ठेवलं होतं. पाच स्टार. 'आईच्या घरी आल्यासारखं वाटलं. काकू, डब्यातली चिठ्ठी वाचा.'

काकी धावलीच. डब्यात घट्ट बसवलेली साखरेची पुडी होती आणि तिच्याखाली चिठ्ठी, बाजारातून छापून आणलेल्या फोटोंसकट. सुरभीने वाचली: 'नळ गळतो, कडी सैल आहे. गिझरच्या वायरने मला शॉक बसला, लगेच दुरुस्त करा. अ‍ॅपवर लिहिलं तर तुमचे स्टार जातील, म्हणून इथे.'

काकीने फोन सुरभीच्या हातात दिला.

"माझं लिवलेलं पूस गं."

"पुसता येत नाही, आई. त्याच्या शेऱ्याखाली उत्तर तेवढं देता येतं."

"मग दे. लिही, गिझरचा शॉक खरा. पाहुना भला, आमीच खोटं लिवलं."

"अहो, कोण येईल मग आपल्याकडे?" सुरभी रडकुंडीला आली.

"आनि माझं वाचून त्याला कुठं खोली नाय मिळाली तर?"

सुरभीने लिहिलं. वायरमनही त्याच दिवशी आला. पण पुढच्या शनिवारी दोन्ही खोल्यांना कुलूप होतं. काकी ओट्यावर बसलेली, तोलायला एकही बॅग नाही.

"वाईट मानूस कवातरी निघनार, ह्ये मला ठाव हुतं रं," ती मला म्हणाली. "निघालं, पन घरातलंच."

तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं, हे मी तिला सांगून टाकलं.