पांढऱ्या गादीचं दुकान

कापडाचं दुकान आमचं, आणि मी हिंडायची लोकांच्या दुकानांसमोरून. हातात रिकामी पिशवी, चेहरा असा की कुणाची तरी वाट पाहून राहिली आहे. कधी महालात, कधी इतवारीत, कधी पार सीताबर्डीवर. शेजारीण टोमणा मारायची, "काय वं, दुसऱ्याचे भाव काढून राहिली का?" भाव कशाला काढू? भाव आमचेही तेच होते. मला माणसं पाहायची होती. गिऱ्हाईक आत शिरतं ते का शिरतं आणि दारातून परततं ते का परततं, एवढंच मला कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि सांगणारं कुणी नव्हतं.

सत्तर सालानंतरची गोष्ट. आमचे हे मूळचे कन्हानचे. तिथे माझ्या भासऱ्यांचं, म्हणजे यांच्या थोरल्या भावाचं, किराण्याचं मोठं दुकान होतं. लग्न झालं तेव्हा हे त्याच दुकानात राबायचे. भासरे मनाने वाईट नव्हते हो, अडीअडचणीला धावून जाणारे, पण जिभेला हाड नाही. भरल्या दुकानात यांच्यावर ओरडायचे, "काय गा, झोपला का?" किल्ल्या हातात द्यायच्या नाहीत, फेकायच्या. हे वाकून उचलायचे आणि पुन्हा कामाला लागायचे. मी आतल्या दारातून पाहायची आणि माझा जीव जळायचा. बोलायची सोय नव्हती, मी पडली धाकटी सून.

एक दिवस यांनी तोंड उघडलं. "दादा, मी नागपुरात कापडाचं दुकान टाकतो." भासरे हसले. म्हणाले, "टाक न बावा. दिवाळीपर्यंत पाह्य. नाई जमलं तं गुमान परत ये, तुही जागा इथं हायेच." त्यांना तो आधार वाटला असेल. यांच्या तोंडावरचा रंग मात्र उडाला होता. आता परत गेलं की जन्मभर मान वर होणार नाही, हे त्यांनाही कळलं आणि मलाही.

दुकान घेतलं ते सक्करदऱ्याला, बाजाराच्या रस्त्यावर. पुढे दुकान, मागे आमची खोली, मध्ये एक पडदा. आणि दुकान काय सजवलं होतं यांनी! कन्हानच्या दुकानात गुळाचा चिकटा, तेलाचे ओघळ, माशा. त्याचा यांना इतका वीट आला होता की आपलं दुकान कसं स्वच्छ पाहिजे म्हणजे पाहिजे. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गादी, गादीवर पांढरीशुभ्र चादर, मागे लोड. चादर रोज बदलायची. नीळ घालून धुवायची कोण? मी. धुऊन धुऊन बोटं निळी झाली माझी. पण यांना त्या गादीवर बसलेलं पाहिलं की बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. माणूस ताठ बसला होता एकदाचा.

बसला होता, आणि नुसताच बसला होता. आजूबाजूच्या वस्तीतल्या चार बाया झंपराचं कापड घेऊन जात, बस्स. खरा धंदा बुधवारचा. बुधवारी तिथे बाजार भरतो. उमरेडकडच्या गावांतून बाया यायच्या, मिरच्या, भाजी, जवस, जे असेल ते विकायच्या, आणि दुपार कलली की आमच्याच रस्त्याने परतायच्या. दुकानासमोर थांबायच्यासुद्धा. दाराशी टांगलेल्या लुगड्यांकडे बघायच्या, एकमेकींना कोपर मारायच्या, आणि चालू लागायच्या. हे म्हणायचे, "या लोकाईले मालाची पारख नाई." मी म्हणायची, "नाचता येईना, अंगण वाकडं!" मग दोन दिवस अबोला.

पण अबोल्याने गिऱ्हाईक येत नसतं. म्हणून मी पिशवी उचलली. घोडं कुठे पेंड खातंय ते शोधल्याशिवाय राहायचं नाही, असं ठरवलं.

महालातल्या भांड्यांच्या दुकानासमोर मी पुष्कळ उभी राहिले. तिथे बाया पितळेचा गंज उचलत, बोटाने टकटक वाजवून पाहत, पुन्हा ठेवत, दुसरा उचलत. दुकानदार हूं की चूं करत नव्हता. बांगड्यांच्या दुकानात तर कासारीण हात हातात घेऊन बसायची, सासरचं, माहेरचं सगळं विचारायची, आणि घ्यायच्या नसलेल्या बांगड्याही भरून द्यायची. इतवारीतली कापडाची मोठी दुकानं पाहिली. तिथेही पांढरी गादी, आमच्यासारखीच. शहरातल्या बाया चपला काढून सरळ आत जात आणि ढीग उलथापालथा करत. म्हणजे गादीत काही खोट नाही, असं मी मनाशी म्हटलं. सीताबर्डीला चपलांच्या दुकानात एक लांब बाक होता. खेड्यातल्या बाया त्यावर खुशाल पाय सोडून बसलेल्या, गप्पा हाणत. तेही पाहिलं आणि पुढे गेले. अक्कल तेव्हा चरायला गेली असावी माझी.

सगळ्यांची दुकानं पाहिली, एक आपलं सोडून. ते मी आतून पाहायची, पडद्याच्या फटीतून. बाहेरून पाहायचं सुचायला दसरा उलटून गेला.

त्या बुधवारी मी रस्त्यापलीकडे कडुनिंबाखाली जाऊन उभी राहिले. दुपार कलली, बाया परतू लागल्या. त्यातल्या तिघी आमच्या दुकानासमोर थांबल्या. एकीने पायरीवर पाय ठेवला. मला वाटलं, चला, चढली! तर तिने आधी लुगड्यांकडे नाही, खाली आपल्या पायाकडे पाहिलं. पाय उचलून तळवा पाहिला. मग गादीकडे पाहिलं. आणि पाय हळूच खाली घेतला. "जाऊ दे वं, मंग येऊ," म्हणाली आणि तिघी निघाल्या. आतून आमचे हे "या, या" म्हणत होते, अगदी मनापासून. त्यांच्या बसल्या जागेवरून तिचा पाय दिसतच नव्हता, नुसती पाठ दिसली.

मी धावत जाऊन तिला गाठलं. "काहून वं बाई, आत काहून नाई गेल्या? महाग सांगते का तो?"

ती आधी लाजली, मग हसली. "महागाचं नाई वं. गादी पाह्यली का तुनं? दुधावानी हाय. अन् हे आमचे पाय पाह्य. सकाळपासून मातीत हिंडून राह्यलो. पाय ठेवला का ठसा उमटते. मंग घ्या न घ्या, मानसाले शरम वाटते न!"

माय वं! मी तिथेच उभी राहिले. काळी माती, भेगाळलेले पाय, आणि रोज नीळ घालून मी धुतलेली ती चादर. शहरातल्या बाया रिक्षातून उतरून येतात, त्यांच्या पायांना काय लागलेलं असतं? या बाया मात्र कोसभर चालून आलेल्या. ज्या गिऱ्हाइकाची आम्ही वाट पाहत होतो, त्यालाच आम्ही इतक्या स्वच्छतेने दाराबाहेर उभं केलं होतं. हसावं की कपाळ बडवावं, कळेना.

घरी येऊन सांगितलं. ऐकतील तर ते हे कसले! "मंग काय घाण ठेवू दुकान? कन्हानसारखं?" मी म्हटलं, घाण नका ठेवू, पण अर्धी गादी काढा, पुढे सतरंजी टाका, बसायला बाक ठेवा, पाय खाली सोडून बसतील बिचाऱ्या. "बाक? हे कापडाचं दुकान हाय का एसटी स्टँड?" आवाज असा चढला की शेजारणीला भिंतीला कान लावायची गरज उरली नाही. शेवटी ते एकदम खचल्यासारखे झाले आणि म्हणाले, "एवढी एकच गोष्ट माह्या मनासारखी झाली होती वं." मला फार वाईट वाटलं. त्या गादीत त्यांचं काय अडकलंय ते मला ठाऊक होतं. पण दिवाळी तोंडावर आली होती, आणि पुन्हा कन्हानला जाऊन त्यांना किल्ल्या वेचताना मला पाहायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी जवळच्या सुताराकडून एक जुना बाक आणून दुकानात ठेवला. गादी पुढून दुमडून सतरंजी अंथरली, शेजारी पाण्याचा माठ ठेवला. हे माझ्याशी बोलले नाहीत, पण बाक बाहेरही काढला नाही.

बुधवारी बाया आल्या. आधी नुसत्या पाणी प्यायला. मग एक टेकली, तिच्या मागून दुसरी. मी पडद्याआड. हे वर गादीवर, लोडाला टेकून, तोंड फुगवून. एक उंच, सावळी बाई वरच्या लुगड्याकडे बोट दाखवून म्हणाली, "ते दाखवा न भाऊ." यांनी काढलं. बाक पुढे, गादी मागे, मध्ये चार हातांचं अंतर. हे लुगडं हातात घेऊन बघत राहिले, कसं द्यावं म्हणून.

ती सहज म्हणाली, "फेका न. आमाले सारे फेकूनच दाखवतेत."

तिच्या आवाजात राग नव्हता, तक्रार नव्हती. रोजचं असावं तसं म्हणाली. यांचा हात तसाच राहिला. फेकणं म्हणजे काय, ते यांना कुणी शिकवायला नको होतं. ते उठले, गादीवरून खाली उतरले, आणि दोन्ही हातांनी लुगडं तिच्या हातात दिलं. मग वर गेलेच नाहीत. तिथेच सतरंजीवर बसले आणि एकेक घडी उलगडत राहिले. बाया पोत चोळून पाहत होत्या, काठ डोळ्यांपाशी नेत होत्या, नको असलेलंही मांडीवर घेऊन बसत होत्या, थेट त्या भांड्यांच्या दुकानातल्यासारख्या. संध्याकाळी मी जेवायला वाढलं तेव्हा हे ताटाकडे पाहत म्हणाले, "मीठ कमी हाय." अबोला सुटला.

दिवाळीच्या आधीचा बुधवार. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. बाकावर एक म्हातारी ठाण मांडून बसली होती, आणि हे तिच्यासमोर सतरंजीवर. तिला एक बदामी रंगाचं आणि एक डाळिंबी, अशा दोन लुगड्यांतून निवडता येत नव्हतं. तेवढ्यात बाहेर फटफटी थांबली. भासरे. दिवाळीचं बोलले होते, तसे आले होते. पायरीवर उभे राहून त्यांनी भावाला बायांच्या पायांशी बसलेलं पाहिलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "काय गा, झोपला का?"

मी पडदा मुठीत धरला. आता हे दचकून उठणार, गिऱ्हाईक सोडून धावणार. आजवर तसंच होत आलं होतं.

यांनी मान वळवली, आणि जागचे न हलता म्हणाले, "दादा, जरा थांबा. गिऱ्हाईक हाय."

भासऱ्यांना थांबा म्हणणारा माणूस आमच्या घरात तोवर जन्मला नव्हता. ते तसेच उभे राहिले. म्हातारीला वाटलं, आहे कुणी गिऱ्हाईकच. ती सरकली. "बसा न गा भाऊ, जागा हाय." आणि कन्हानचे एवढे मोठे व्यापारी त्या बाकाच्या टोकावर बसले. म्हातारीने डाळिंबी लुगड्याचा पदर उचलून त्यांच्या गुडघ्यावर टाकला. "तुमी सांगा. मले कोनतं शोभन? आतालोग मालकानं आणलं ते नेसली, मालक गेल्यावर लेकानं आणलं ते. जलमात पयल्यांदा सोता घेऊन राह्यली."

भासरे खाकरले. "या वयाले बदामी बरं दिसते, बाई."

"वयाचं नोका सांगू गा," म्हातारी म्हणाली, "रंगाचं सांगा."

बाया खो खो हसल्या. मला वाटलं, आता भासरे काहीतरी फाटकन बोलणार. पण भासऱ्यांनी पदर हातात घेतला, उजेडाकडे धरून नीट पाहिला, आणि म्हणाले, "मंग डाळिंबीच घ्या." म्हातारीने तेच घेतलं. तोवर आणखी बाया पायरीशी आल्या होत्या, तर भासरे आपण होऊन उठले आणि बाजूला झाले. बराच वेळ बाहेर उभे राहून पाहत होते. जाताना एवढंच म्हणाले, "चालून राह्यलं हाय तं चालव."

फटफटी गेली तसे हे पडद्याआड आले, पाणी मागितलं. मी पेला दिला, तो त्यांनी एका दमात रिकामा केला.

"मी दादाले थांबा म्हटलं वं," हे म्हणाले.

"अन् ते थांबले," मी म्हटलं. आणि मला रडूच आलं.

बाहेरून कुणीतरी हाक मारली, "भाऊ, हाय का जी कोनी?" यांनी सदऱ्याने तोंड पुसलं आणि दुकानात गेले.