दतिया गेटपर्यंतची मुकी चाल

चहा ओता, मग सांगतो. साखर नको. का नको, तोच तर किस्सा आहे. सदुसष्टाव्या वर्षी अख्ख्या गल्लीसमोर माझी जी शोभा झाली, ती आता काय सांगू तुम्हाला.

गेल्या उन्हाळ्यात डॉक्टर म्हणाले, "शुगर काठावर आहे. दोन घास कमी खा आणि भरभर चाला, गप्पा मारत नाही. तीन महिन्यांत उतरली नाही तर गोळ्या." गोळ्यांच्या नावानं मी नाही, आमची सुमन घाबरली. मला एकट्याला पथ्य नको, म्हणून तिनं स्वतःचंही तूप, भात, गूळ बंद केलं. काय म्हणावं अशा बायकोला?

अडचण एकच. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या झाशीचे. ओरछा गेटाजवळच्या घरातून निघालं की दर चार पावलांवर हाक येते, "आइए चाचाजी, चाय हो जाए." नाही म्हणायला थांबावं लागतं, आणि थांबलं की बसावंच लागतं. म्हणून मी युक्ती काढली. चालताना तोंड उघडायचंच नाही. नुसते हात जोडायचे आणि पुढं सटकायचं, थेट दतिया गेटपर्यंत.

त्या सकाळी अंगात पांढरा कुर्ता-पायजमा, खांद्यावर घाम पुसायला पंचा, मान खाली. शेजारचे पटैरियाजी दारातच उभे.

"का हो गओ चाचाजी? ऐसे दौरे-दौरे कितै?"

धावत कुठं निघालो, हे सांगायला थांबलो असतो तर चहा आलाच. मी हात जोडले.

"घर में सब ठीक? चाचीजी दो दिन सें दिखीं नईं."

सुमनला दोन दिवस ताप होता. आज बरं वाटलं म्हणून ती गच्चीवर कुरडया घालत बसली होती. मी बोट वर केलं, मान हलवली आणि निघालो. वर आहे, एवढंच सांगायचं होतं हो मला.

तासाभरानं परत आलो तर आमच्याच दारात गर्दी. बायका डोक्यावर पदर घेऊन बसलेल्या. माणूस गेलेल्या घरात चूल पेटत नाही, म्हणून कुणी पुऱ्यांचा डबा आणलेला, कुणी बटाट्याची भाजी. पटैरियाजींनी मला मिठीच मारली. "चाचीजी इत्ती जल्दी चली गईं."

तुम्ही म्हणाल, तुमची अक्कल कुठं गेली होती? अहो, ताप होता ना तिला. वाटलं, तोच उलटला. उंबऱ्यावर बसलो आणि लहान मुलासारखा रडलो. चाळीस वर्षांचा संसार डोळ्यांपुढं आला, आणि मनात दडवलेलं तोंडातून बाहेर पडलं.

"सुमन, माफ कर गं मला. तू माझ्यापायी अळणी दुधी खाल्लास, आणि मी रोज दतिया गेटला जाऊन कचोऱ्या खाल्ल्या. आजसुद्धा खाल्ल्या."

तेवढ्यात वरून आवाज आला.

"किती?"

मान वर केली. गच्चीच्या कठड्याशी सुमन, कोपरापर्यंत कुरडयांचा चीक. तिला बघून इतका जीव भांड्यात पडला, की खोटं बोलायचंसुद्धा सुचलं नाही.

"चार."

"आणि जिलबी?"

"थोडीशीच."

पदरानं कपाळ पुसून ती शांतपणे खाली वाकली.

"पटैरियाजी, पूरियाँ ऊपर भेज दीजिए. इनका पेट तो भरा है."