आबांच्या ओवीची झील

यंदा जत्रेला मी भक्तीनं गेले नाही. धाकट्या भावाच्या हेव्यानं गेले, आणि तो हेवा चाळीस वर्षांचा आहे.

संभाचा फोन आला. "अक्का, आबांना जतकडं जत्रेला नेतोय. औंदा शेवटचं ओवीच्या रिंगणात हुबा राहतो म्हणत्यात."

"मी येतेय," मी म्हटलं, "आणि झील मी धरणार."

धनगरी ओवीत म्होरक्या ओळ म्हणतो आणि साथीदार तिचं शेपूट उचलून लांबवतो, ती झील. आबा, आमचे वडील, साताऱ्यात वडापची, म्हणजे सीटमागं भाडं घेणारी जीप चालवायचे. जत्रेचे दोन दिवस ती जीप फक्त आमची असायची. टेप नव्हता, आबाच गायचे. शेजारी बसून झील धरायचा संभा. मी मागच्या बाकावर, आईजवळ. दोघांच्या पाठी बघत मी सगळ्या ओव्या पाठ केल्या. "पोरींनी झील धरायची न्हाई," हे आबांचं उत्तर ठरलेलं. त्या एका वाक्याविरुद्ध मी पुढं आयुष्यभर व्यासपीठांवरून बोलत आले.

सकाळी सहाला संभाच्या गाडीनं निघालो, चालवायला तोच. रहिमतपूरला गरम वडे आणि चहा. तिघांची न्याहारी दीडशेत. तिथून पुसेसावळीपर्यंत रस्ता झकास आहे. कुंडलच्या बाजूला मात्र उसाच्या ट्रॉल्यांमागं रांगावं लागतं, तेव्हा घाईच्या माणसानं या वाटेला जाऊ नये. तासगाव सोडलं की बेदाण्याची शेडं लागतात. पुढं ऊस संपतो, बाभळी आणि मेंढरं सुरू होतात.

या सगळ्या वाटेवर पुढं ते दोघं गुणगुणत होते आणि पन्नाशीची मी पुन्हा मागच्या सीटवर!

कवठेमहांकाळच्या पुढं चहाला थांबलो. "आबा, आता मागं माझ्याशेजारी बसा. झील धरून दाखवते."

चहावाल्या मावशींनी कान टवकारले. "आवं, बायाबी झील धरत्यात व्हय?"

मला तेवढं पुरे होतं. जात्यावर ओव्या कुणी रचल्या, देवाला बाईचा आवाज कधीपासून नकोसा झाला, मी सुरूच झाले.

"धरा की बाई, कोन नगं म्हणतंय?" मावशी म्हणाल्या. "पर च्या गार व्हतोय."

आबा मागं माझ्याशेजारी बसले आणि गाडी निघाली. आबांनी सुंबरान, म्हणजे ओवीआधीचं देवाचं स्मरण, मांडलं. मी झील उचलली आणि तिसऱ्याच ओळीला आबा थांबले.

"तुला समदं पाठ हाय, तितंच गफलत हुतीया," ते म्हणाले. "मी दम घेतोय तवर तू मुक्कामाला पोचतीस."

संभा खदखदून हसला. "अक्का, मला अजून निम्म्या ओव्या येत न्हाईत. आबांचा खांदा खाली आला की मी उचलतो."

"हे तुला कुणी शिकवलं?"

"शिकवायचं काय त्यात? कडंला बसलोय न्हवं."

ते वाक्य मला कुठल्याही विरोधकाच्या भाषणापेक्षा जास्त लागलं.

जत्रेत पाणी सोबत ठेवा आणि पांढरे कपडे घालू नका. भंडाऱ्याचा पिवळा डाग धुतला तरी जात नाही. रिंगणात एका म्हाताऱ्यानं हटकलंच. "आवं आबा, लेकीला कशाला मधी?"

"झीलकरी हाय माझी," आबा म्हणाले.

ढोल घुमला. मी डावीकडं, संभा उजवीकडं. दोन ओव्या निभावल्या. तिसरीत, ओळीच्या मध्यावर, आबांचा दम तुटला. लोक बघत राहिले. पुढचे शब्द माझ्या जिभेवर आले होते. एवढ्या माणसांसमोर मी आयुष्यात कधी गप्प राहिले नव्हते. संभाचं तोंड मिटलेलं होतं. मीही मिटलं. ढोलवाल्यानं ठेका सोडला नाही. आबांनी माझ्याकडं पाहिलं, सावकाश छाती भरली आणि ओळ पुरी केली. खांदा खाली आला. आम्ही दोघांनी उचलली.

परतीच्या वाटेवर आबा झोपले होते. मला साताऱ्यात घराशी सोडून संभा त्यांना आपल्याकडं घेऊन गेला.

भंडाऱ्यानं माखलेली साडी बादलीत टाकली आणि हे लिहायला बसले. हेवा गेला असं लिहिलं तर ते खोटं होईल. इतकी वर्षं मला वाटायचं, संभाला पुढची सीट मिळाली आणि गाणं मिळालं. गाणं तर मलाही मिळालं होतं. त्याला मिळाला तो आबांचा श्वास, सातव्या वर्षापासून, दर जत्रेला. मला एकदाच मिळाला. आता नेमका कशाचा हेवा करायचा ते कळलंय, आणि तो वाढलाय.