धुपाटणं अंगणात

डॉक्टरनं सांगितलं ते सगळं तुफूलनं निमूट केलं. ओमानमधल्या सलालात पावसाळी झिमझिम लागली की भिंतींना ओल येते, गाद्यांमागे काळी बुरशी धरते. ती तिनं व्हिनेगर लावून खरवडली. बैठकीतला जाड गालिचा गुंडाळून भावाकडे पाठवला, मांजराला घराबाहेर काढलं. तरी नवऱ्याची, मुसल्लमची, छाती घरघरायचीच, कारण लोबानाचा धूर. तो बंद करा म्हटलं की नवरोबा कानांवर हात ठेवणार. पाहुणा धुपाशिवाय उठला तर लोक काय म्हणतील?

"लोक येणारेत का तुमच्या वाटचा श्वास घ्यायला?" ती करवादायची.

शेवटी वैतागून तिनं धुपाटणं माळ्यावर टाकलं, आणि झाली पंचाईत! धुपाटणं फिरलं की पाहुण्यानं दाढीला, कपड्यांना धूर घ्यायचा आणि उठायचं. ते फिरलंच नाही तर उठणार कोण? दुपारी आलेले चुलतभाऊ दिवेलागणीपर्यंत बसून. कॉफी पुन्हापुन्हा झाली, खजूर संपले, बोलणंही संपलं. बिचारे जांभया देत ताटकळले. आत तुफूल कपाळ बडवत होती. अखेर मुसल्लमनं स्वतःच धुपाटणं शोधून पेटवलं. पाहुणे गेले आणि थोड्याच वेळात त्याला दवाखान्यात न्यावं लागलं. गाडीत त्याचे निळे ओठ पाहून तुफूल पार घाबरली.

तो घरी आला तशी समाचाराला माणसं लोटली. सगळ्यांत पुढे त्याची थोरली बहीण, उम्म हमद. डोंगरातला उंची लोबान घेऊन आली होती, भावाच्या घरातली हवा शुद्ध करायला! तुफूल नको नको म्हणेपर्यंत बाईंनी निखारे मागवून खाटेपाशी धूर केलासुद्धा. आणि हा शहाणा खोकत खोकत मान डोलावतोय. तुफूलचं डोकंच सणकलं. तिनं धुपाटणं उचललं, अंगणात केळीखाली नेऊन ठेवलं, शेजारी चटई टाकली आणि दारात येऊन म्हणाली, "उम्म हमद, यापुढे या घरचा धूप तिथेच. ज्याला निघायचंय त्यानं बाहेर जाऊन घ्यावा."

"म्हणजे मला हाकलतेस?"

"तसं समजा. मला नवरा हवाय."

उम्म हमद धूप न घेताच तरातरा निघून गेली. मुसल्लम भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. तुफूलनं सगळ्या खिडक्या उघडल्या.

संध्याकाळी मात्र त्याच्या तोंडाचा पट्टा सुटला. आईच्या जागी असलेल्या बहिणीला दाराबाहेर काढलंस, घराण्याची अब्रू धुळीला मिळवलीस, तुझ्या माहेरी हेच शिकवलं का, उद्या बाजारात मी कुठल्या तोंडानं फिरू, असं बरंच काही. साधी कॉफी मागतानाही दम लागणारा हा माणूस मध्ये कुठे अडला नाही, खोकला नाही. तुफूल खाटेच्या कडेला बसून ऐकत होती आणि तिचे डोळे वाहत होते.

ती रडतेय हे पाहून तो वरमला, गप्प झाला.

"थांबलात का?" ती म्हणाली. "बोला ना अजून."