लांबचा टाका

जाळीच्या कारखान्यात नोकरी केली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. भंगारासारखे कोपऱ्यात आपोआप साचतात. वाशिमजवळच्या आमच्या शेडमध्ये आम्ही तिघं: मालक शकीलभाई, मशीन चालवणारे गौतमदादा, आणि तयार जाळी तपासणारी मी.

बहुतेक किस्से एकाच मशीनचे. आडव्या-उभ्या सळयांवर ती एका दाबात वेल्डिंगचे आठ टाके मारते. करंट आठही टाक्यांना सारखा मिळायला हवा. पण ट्रान्सफॉर्मर एका बाजूला, त्यामुळे जवळचा टाका जळतो आणि लांबचा नुसता चिकटतो. वरून सगळे सारखेच दिसतात. म्हणून मी प्रत्येक लॉटमधला एक तुकडा पान्यानं पिळून बघते.

*

हे पिळणं सुरू झालं ते कामरगावच्या एका गिऱ्हाइकामुळे. त्यानं बकऱ्यांसाठी जाळी नेली होती. थोड्याच दिवसांत तो जीपमध्ये बोकड घालून दारात हजर. बोकडाच्या गळ्यात आमच्याच जाळीचा तुटका तुकडा. माणूस भांडला नाही. बोकड शकीलभाईंसमोर उभा केला आणि म्हणाला, "मी काई म्हनत नाई. यालेच इचारा."

*

मग गौतमदादांनी करंट जुळवायला घेतला. लांबच्या टाक्याची तांब्याची पट्टी जाड केली, जोड घासून चकचकीत केले. एका दुपारी ते मशीनच्या जबड्यात हात घालून टाके मारणारी टोकं घासत होते. तेवढ्यात शकीलभाई फोनवर बोलत आले आणि बोलता बोलता पाय जबडा मिटवणाऱ्या पेडलवर टेकवला.

दाबला नव्हता, नुसता ठेवला होता. दादांची पाठ त्यांच्याकडे. मी ओरडले असते तर भाई दचकले असते, आणि दचकलेला पाय खालीच गेला असता. मी जवळ जाऊन हळूच म्हणाले, "भाई, पाय उचला."

त्यांनी उचलला. मी मेन स्विच पाडला. दादांनी हात बाहेर काढून विचारलं, "लाइन गेली काय?"

शकीलभाई त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी पेडलवर लोखंडी झाकण बसलं.

*

धनजकडे बिबट्या फिरायला लागला आणि पिंजऱ्याचं काम आमच्याकडे आलं. न्यायला आलेली गाडी दारात, ड्रायव्हर सारखा हॉर्न वाजवतोय. मी तुकडा पिळला आणि लांबचा टाका शर्टाच्या बटणासारखा सुटला.

"ताई, बाकीचे सात धरून राह्यले ना?" शकीलभाईंनी विचारलं.

उत्तर गौतमदादांनी दिलं. "अन् बिबट्यानं आठव्यालेच पंजा मारला त?"

भाईंनी गाडी रिकामी परत पाठवली. आम्ही मीटर लावून एकेक टाका मोजत गेलो, पट्ट्या बदलत गेलो. शेवटी आठही ठिकाणी करंट जवळपास सारखा आला. पुन्हा पिळून पाहिलं तेव्हा सळई वाकली, टाका सुटला नाही. त्यानंतरच सगळ्या जाळ्या नव्यानं मारल्या.

*

बिबट्या पिंजऱ्यात सापडल्याचं कळलं तेव्हा शकीलभाईंना राहवेना. आम्ही तिघं जीपनं धनजला गेलो. शेताच्या कडेला पिंजरा, भोवती ही गर्दी. बिबट्यानं जाळीवर झेप घेतली, जाळी थरथरली आणि सगळे मागे पळाले. गौतमदादा तेवढे जागेवर वाकून टाके बघत होते. "धरून हायेत," ते स्वतःशीच पुटपुटले. बिबट्यानं परत धडक दिली.

वनरक्षकानं वळून गर्दीला विचारलं, "पिंजरा कोनं बनवला?"

शकीलभाई जीपच्या मागून म्हणाले, "आदी गाडीत चढू द्या साहेब. मंग सांगतो."